दुहेरी आवरणाच्या कुत्र्याचे गळणारे केस काढताना कोणते साधन वापरावे?

प्रश्न पुण्यातील एका कुटुंबाचा आहे. त्यांच्याकडे चार वर्षांची गोल्डन रिट्रीव्हर जातीची कुत्री आहे आणि ती फ्लॅटमध्येच राहते. फेब्रुवारी सुरू झाला तसे घरभर केस दिसू लागले, म्हणून त्यांनी सवलतीत मिळालेले, बारीक दातांच्या धारदार पात्याचे डीशेडिंग, म्हणजे गळणारे केस काढण्याचे, साधन ऑनलाइन मागवले. पहिल्याच दिवशी पिशवीभर केस निघाल्यामुळे समाधान वाटून ते रोज अर्धा तास वापरण्याचा क्रम सुरू झाला. आता तिच्या पाठीवरचे केस आखूड, निस्तेज आणि हाताला भुरभुरीत लागत आहेत आणि कमरेवरची त्वचा लालसर झाली आहे. हे साधन सुरक्षित आहे का, नसल्यास कोणते घ्यावे, आणि शेजाऱ्यांच्या सल्ल्याप्रमाणे एप्रिलमध्ये सगळे केस मशीनने उतरवून टाकले तर काय बिघडेल, असे त्यांनी विचारले आहे.

थोडक्यात उत्तर असे. ते पाते आजपासून बाजूला ठेवावे, लालसर झालेली जागा पशुवैद्यांना दाखवावी, आणि पुढील वापरासाठी गोल टोकांच्या दातांचा रेक (दाताळ्यासारखे विंचरण्याचे साधन), मऊ गादीचा स्लिकर ब्रश आणि दोन अंतरांच्या दातांचा स्टीलचा कंगवा ही तीन साधने घ्यावीत. मशीन लावू नये. यामागची कारणे मात्र नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण ती समजली की दुकानात किंवा संकेतस्थळावर समोर येणारे कोणतेही नवे साधन तुम्हाला स्वतःच पारखता येईल.

गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, हस्की, पॉमेरेनियन आणि आपल्याकडे घरोघरी पाळला जाणारा इंडियन स्पिट्झ या सर्वांच्या अंगावर दोन प्रकारचे केस असतात. वरचे केस जाड, सरळ, चकाकणारे आणि टोकाकडे निमुळते होत गेलेले असतात. पाणी, ऊन, काटेकुसळे यांच्यापासून त्वचेचे रक्षण ते करतात. त्यांच्या खाली आखूड, मऊ, किंचित नागमोडी अशी दाट लव असते. कुत्र्याच्या त्वचेतील एकाच छिद्रातून एक जाड केस आणि त्याच्याभोवती लवेचे अनेक बारीक केस एकत्र बाहेर येतात, त्यामुळे वरवर पाहता एकच दिसणारे आवरण प्रत्यक्षात दोन थरांचे असते. ऋतूप्रमाणे गळते ती मुख्यतः लव. वरचे जाड केसही गळतात, परंतु थोडे थोडे आणि दीर्घ कालावधीत. त्यामुळे कोणत्याही साधनाचे काम एवढेच आहे की मुळापासून सुटलेली लव बाहेर यावी आणि वरचा थर जसाच्या तसा राहावा. किती केस निघाले यावरून साधन पारखण्याची सवय सर्वत्र दिसते, आणि माझ्या मते बहुतेक नुकसान तिथेच सुरू होते; पाहायला हवे ते कोणते केस निघाले.

बारीक दातांचे धारदार पाते काम कसे करते ते पाहू. त्याची रचना केस कापण्याच्या मशीनच्या पात्याशी मिळतीजुळती असते: दात अतिशय जवळजवळ, आणि दातांमधल्या फटींच्या तळाशी तीक्ष्ण कड. हे पाते वरच्या केसांवरून फिरते तेव्हा सुटलेली लव त्या कडेला अडकून बाहेर ओढली जाते. इथपर्यंत जाहिरातीत सांगितलेले खरे आहे. परंतु त्वचेत घट्ट रुजलेला जाड केस त्याच फटीत शिरला आणि हाताचा दाब थोडा जास्त असला, किंवा पाते तिरके धरले गेले, तर तो केस ओढला जात नाही, तो तिथेच तुटतो किंवा कापला जातो. पहिल्या दोन-तीन वेळा सुटलेली लव भरपूर असल्यामुळे हे लक्षात येत नाही. लव संपल्यानंतरही ढीग निघतच राहतो, आणि मालकाला वाटते की अजून किती केस शिल्लक आहेत! प्रत्यक्षात त्या ढिगात आता निरोगी केसांचे तुकडे असतात. तुमच्या कुत्रीच्या पाठीवरचे केस आखूड आणि भुरभुरीत झाले त्याचे कारण बहुधा हेच आहे, आणि कमरेवरची लाली एकाच जागी पाते पुन्हा पुन्हा फिरल्याने पडलेल्या ओरखड्यांची असावी. केसांनी झाकलेल्या भागात कुत्र्याच्या बाह्यत्वचेचे पेशींचे थर माणसापेक्षा बरेच कमी असतात, त्यामुळे आपल्या तळहाताला जेमतेम जाणवणारा दाब तिच्या त्वचेला सोसवत नाही.

याची खातरजमा घरीच करता येते. साधनात अडकलेला केसांचा पुंजका पांढऱ्या किंवा काळ्या कागदावर पसरावा आणि भिंगातून किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन पाहावा. मऊ, फिकट, नागमोडी, लोकरीसारखे केसच प्रामुख्याने असतील तर साधन योग्य काम करत आहे. त्यात सरळ, जाड, गडद रंगाचे केस मोठ्या संख्येने दिसत असतील आणि त्यांचे एक टोक निमुळते तर दुसरे बोथट, कापल्यासारखे असेल, तर साधन केस कापत आहे. आपोआप गळलेल्या केसाच्या मुळाकडे बारीक गाठीसारखा फुगवटा असतो, कापलेल्या केसाला तो नसतो. ही तपासणी कोणत्याही साधनाबाबत, अगदी नामांकित आणि महाग साधनाबाबतही, पहिल्या पाच मिनिटांतच करावी असा माझा आग्रह असतो.

याचा अर्थ असे प्रत्येक पाते टाकाऊ असते असा नाही. लॅब्राडॉर किंवा बीगलसारख्या आखूड पण दाट केसांच्या कुत्र्यावर, अनुभवी हाताने, गळतीच्या दिवसांत दोन आठवड्यांतून एकदा, हलक्या हाताने आणि एका जागी मोजकेच फटके देऊन ते वापरले तर फारसे बिघडत नाही. मात्र गोल्डनच्या पायांवरची आणि शेपटीची लांब केसांची झालर, स्पिट्झच्या मानेभोवतीचे दाट केस, हस्कीची पाठ, कुठलेही पिल्लू आणि पातळ त्वचेचे म्हातारे कुत्रे यांच्यावर मी ते कधीही लावत नाही. नवख्या हाताला मी ते सुचवत नाही, एवढे सांगून पुढे जाते.

आता रेकविषयी सविस्तर, कारण तुमच्या कुत्रीसाठी मुख्य साधन तेच आहे आणि खरेदीत सर्वात मोठी फसगतही त्याच्याच बाबतीत होते. खऱ्या रेकला गोल, गुळगुळीत, बोथट टोकांचे धातूचे दात एका किंवा दोन ओळींत बसवलेले असतात आणि त्या दातांना कुठेही धार नसते. ऑनलाइन दुकानांत मात्र याच नावाखाली एका बाजूला ९ आणि दुसऱ्या बाजूला १७ दात असलेले एक दुतोंडी साधन सर्रास विकले जाते. त्याचे दात चपटे आणि विळ्यासारखे वाकलेले असतात, बाहेरची कड बोथट आणि आतली कड धारदार असते. ते प्रत्यक्षात जटा फोडण्याचे साधन आहे. त्याच्या वेष्टनावर टोके गोल असल्याचे लिहिलेले असते आणि ते खरेही असते. त्वचेला टोक टोचत नाही, पण आतली धार तिच्यात येणारा प्रत्येक केस कापत जाते. छायाचित्रात दात चपटे आणि वाकलेले दिसले की नाव काहीही असो, रोजच्या केस काढण्यासाठी ते साधन घेऊ नये.

दातांची लांबी कुत्र्याच्या केसांच्या जाडीवरून ठरवावी. दात त्वचेपर्यंत पोहोचले पाहिजेत, पण साधनाचा दांडा केसांवर टेकण्याआधीच टोके त्वचेवर रुतू लागली तर ते फार लांब आहेत. गोल्डन किंवा जर्मन शेफर्डसाठी साधारण २ सेंटिमीटरचे दात पुरतात. पॉमेरेनियनसाठी त्याहून लहान आणि हलका रेक घ्यावा. दातांमध्ये अंतर जितके मोकळे तितके नवख्याला सोपे, कारण घट्ट दातांत लव एकदम अडकते आणि ओढ बसते. काही रेकचे दात स्वतःभोवती फिरतात. लांब केसांत ते कमी ओढतात आणि त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजणे योग्य ठरते. घेतल्यावर टोके मनगटाच्या आतल्या बाजूवरून, जिथे आपली त्वचा नाजूक असते, कुत्र्यावर फिरवाल त्याच दाबाने दहा वेळा फिरवून पाहावीत. पांढरी रेघ उमटली तर हात जड आहे. बोचले किंवा ओरखडा आला तर साधन परत करावे. जुना नायलॉनचा मोजा दातांवरून ओढून पाहिल्यास डोळ्यांना न दिसणारी खरबरीत कडही सापडते, कारण धागा तिथे अडकतो.

रेक धरण्याची पद्धत महत्त्वाची आहे. मुठीत घट्ट धरू नये. बोटांच्या टोकांत, लेखणीसारखा सैल धरावा, म्हणजे अडथळा आला की साधन आपोआप थांबते. केसांच्या दिशेनेच, छोट्या छोट्या फटक्यांनी, प्रथम मांड्यांपासून सुरुवात करून पाठ, बरगड्या आणि मग खांदे असे पुढे सरकावे. दुसऱ्या हाताने वरचे केस उचलून धरावेत, जेणेकरून खालची त्वचा डोळ्यांना दिसेल आणि तेवढीच एक ओळ विंचरली जाईल. मग बोटभर वर सरकून पुढची ओळ घ्यावी. वरून नुसते ब्रश फिरवले तर पृष्ठभाग चमकतो, पण त्वचेलगत लवेचा थर दाबून बसतो, आणि पावसाळ्यात तिथेच ओल धरते. एका जागी पाच-सहा फटक्यांत लव येणे थांबले की पुढे जावे. कणा, कमरेची हाडे, कोपर, ढोपर अशा जिथे हाड त्वचेलगत असते त्या जागी रेक लावू नये. तिथे कंगवा किंवा नुसता हात पुरतो.

स्लिकर ब्रश म्हणजे मऊ गादीवर बसवलेल्या, किंचित वाकलेल्या बारीक तारांचा ब्रश. रेकने सोडवलेली लव गोळा करणे आणि झालर मोकळी करणे हे त्याचे काम. गादी दाबल्यावर सहज आत जाणारी असावी. तारांच्या टोकांना प्लास्टिकचे मणी लावलेला ब्रश अधिक सुरक्षित वाटतो, परंतु दाट लवेत हे मणी अडकतात, आणि काही महिन्यांनी एखादा मणी गळून पडला की उघडी पडलेली तार ओरखडे काढते. असा ब्रश वापरत असल्यास दर वेळी त्यावरून आधी बोट फिरवावे. स्लिकरने होणारी इजाही फसवी असते: त्या वेळी कुत्रे काही सांगत नाही, संध्याकाळी तीच जागा चाटू लागते आणि दुसऱ्या दिवशी तिथे लाल चट्टा दिसतो.

स्टीलचा कंगवा केस काढण्यासाठी नव्हे, तर काम पूर्ण झाले की नाही हे पाहण्यासाठी असतो. अर्ध्या लांबीत दात विरळ आणि अर्ध्यात दाट असा कंगवा घ्यावा. विरळ बाजू त्वचेपासून टोकापर्यंत कुठेही न अडता गेली पाहिजे. कानांच्या मागे, काखेत, जांघेत, गळपट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी ती हमखास अडते. घरी विंचरलेल्या बहुतेक कुत्र्यांच्या गुठळ्या मला याच जागी सापडतात. तीनपैकी एकच वस्तू घेण्याइतके पैसे असतील, तर मी कंगवा घ्यायला सांगेन.

सर्व दुहेरी आवरणांना एकच माप लागू होत नाही. लॅब्राडॉर, रॉटवायलर, बीगल, पग यांच्यासाठी रबरी खरारा हे सर्वात उत्तम आणि सर्वात स्वस्त साधन आहे. गोल गोल फिरवला की सुटलेली लव वर येते, आणि धार नसल्यामुळे मुलांच्या हाती दिला तरी काळजी नाही. अंघोळीच्या वेळी शॅम्पू लावून तोच खरारा फिरवला तर कोरड्यापेक्षा दुप्पट काम होते, असा माझा अनुभव आहे. केस काढण्याचे हातमोजे हे याचेच सौम्य रूप आहे. ज्या कुत्र्याला ब्रशची भीती वाटते त्याला सवय लावण्यासाठी ते चांगले, पण गोल्डनच्या लवेपर्यंत ते पोहोचत नाहीत. स्पिट्झ आणि पॉमेरेनियनचे जाड केस सरळ उभे राहिले तरच त्यांचे आवरण शोभते आणि कामही करते, म्हणून त्यांना लांब पिनांचा ब्रश आणि कंगवा यांवरच ठेवावे, रेक फक्त गळतीच्या ऐन दिवसांत लावावा. कारवान किंवा मुधोळसारख्या आखूड, चापून बसलेल्या केसांच्या शिकारी कुत्र्यांना यांपैकी कशाचीच गरज नाही. ओलसर फडके किंवा मऊ खरारा आठवड्यातून एकदा पुरतो. पूडल, माल्टीज यांचा विषय पूर्णपणे निराळा आहे, त्यात मी इथे शिरत नाही.

कोणतेही साधन लावण्याआधी संपूर्ण अंगावरून उघडी बोटे फिरवावीत. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि महाराष्ट्रात ते कोणत्याही ऋतूत टाळण्यासारखे नाही, कारण कानांच्या आत-मागे, मानेवर आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बसलेली असू शकते. रेकच्या दातात गोचीड सापडून तिचे अंग तुटले तर तोंडाचा भाग त्वचेत राहतो आणि तिथे जखम चिघळते. ती आधी चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. मस, चामखीळ, जुन्या टाक्याची गाठ, पोटावरची स्तनाग्रे (नर कुत्र्यालाही ती असतात, हे अनेकांच्या ध्यानात नसते) अशा जागा हाताला कळल्या की साधन तिथून दूर ठेवता येते. याच वेळी त्वचेला वास येतो आहे का, कोंडा आहे का, एखादी जागा गरम लागते आहे का, हेही समजते.

अंघोळीबाबत क्रम असा ठेवावा की आधी विंचरणे, मग पाणी. गुंता झालेल्या केसांवर पाणी पडले की सुकताना तो आणखी घट्ट आवळला जातो. गुंता नसेल तर मात्र कोमट पाण्याची अंघोळ आणि कंडिशनर यांनी सुटलेली लव झपाट्याने मोकळी होते, आणि त्यानंतर जोरदार वाऱ्याचा ड्रायर हे माझ्या दृष्टीने सर्वात सुरक्षित साधन ठरते, कारण तो केस ओढतही नाही आणि कापतही नाही, फक्त सुटलेली लव उडवून लावतो. व्यवसायात मी पात्याऐवजी त्यावरच विसंबून असते. घरातला केस वाळवण्याचा ड्रायर त्याची जागा घेऊ शकत नाही. त्याचा वारा कमी आणि उष्णता जास्त असते. तो वापरायचाच असेल तर थंड वाऱ्यावर ठेवून, हात मध्ये धरून वापरावा. कोणताही झोत चेहऱ्यावर किंवा कानांत सोडू नये. पावसाळ्यात लव आतून ओली राहिली तर एका रात्रीत ओलसर, लाल, चिकट चट्टा उठू शकतो. कुत्रे तो चाटून-खाजवून तासाभरात तळहाताएवढा करते. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात कमी अंघोळी आणि जास्त विंचरणे हेच श्रेयस्कर.

गुठळी सापडली तर ती रेकने ओढू नये. बोटांनी टोकाकडून थोडी थोडी सोडवावी, गुंता सोडवण्याचा फवारा मारावा, आणि मुळाशी केस चिमटीत धरून ठेवून कंगव्याचे टोकाचे दात वापरावेत, म्हणजे ओढ त्वचेपर्यंत जात नाही. कात्री कधीही गुठळीखाली सरकवू नये. गुठळीबरोबर त्वचा वर उचलली गेलेली असते आणि केसांआड ती दिसत नाही; काखेतली कातडी अशी कापली गेल्यावर टाक्यांसाठी दवाखाना गाठावा लागल्याची प्रकरणे दर उन्हाळ्यात कानावर येतात. त्वचेला चिकटलेली मोठी जट व्यावसायिकाकडूनच उतरवून घ्यावी, तेवढ्या जागेपुरते मशीन लावले तर हरकत नाही.

शेजाऱ्यांचा सल्ला सद्‌भावनेचा आहे, पण तो माणसाच्या शरीरावरून बेतलेला आहे. आपण घाम गाळून थंड होतो; कुत्र्याच्या घामग्रंथी उपयोगी पडतात त्या मुख्यतः पंजांच्या गाद्यांत, आणि शरीरातील उष्णता ते धापा टाकून बाहेर सोडते. अंगावरचे केस २-३ मिलिमीटरपर्यंत उतरवल्याने त्या क्रियेला फारसा हातभार लागत नाही. उलट वरचा थर गेल्यावर ऊन थेट त्वचेवर पडते. केस परत येताना लव लवकर येते आणि जाड केस मागे राहतात, त्यामुळे आवरण लोकरीसारखे, गुंतणारे होते. काही कुत्र्यांत, विशेषतः हस्की, चाऊ चाऊ, सॅमोयेड आणि पॉमेरेनियन यांच्यात, मशीन फिरवलेल्या जागी केस महिनोन्‌महिने उगवतच नाहीत. पशुवैद्यकात ही अवस्था परिचित आहे आणि तिच्यात कधी कधी वर्षाहून अधिक काळ जातो. शस्त्रक्रिया, सोनोग्राफी किंवा त्वचेचा उपचार यांसाठी डॉक्टरांनी केस काढले तर तो भाग वेगळा. पंजांमधले केस, गुदद्वाराभोवतीचे केस आणि पोटाच्या खालच्या बाजूचे थोडे केस स्वच्छतेसाठी छाटायलाही माझी हरकत नाही. उन्हाळ्यात कुत्रीला खरा दिलासा द्यायचा असेल तर अडकलेली मृत लव पूर्ण काढावी, म्हणजे वारा त्वचेपर्यंत पोहोचतो. फिरायला सूर्योदयाच्या सुमारास न्यावे आणि दुपारी फरशी मोकळी ठेवावी.

एक गोष्ट आणखी विचारली जाते, ती म्हणजे गळती बंद का होत नाही. केसांचे चक्र मुख्यतः दिवसाच्या उजेडाच्या लांबीवर चालते. पुण्यात डिसेंबरमधला दिवस सुमारे ११ तासांचा आणि जूनमधला १३ तासांहून थोडा मोठा असतो; थंड प्रदेशांत हा फरक कितीतरी मोठा असतो. त्यात घरात रात्री अकरापर्यंत दिवे आणि उन्हाळ्यात एसी. परिणामी आपल्याकडे फ्लॅटमधली कुत्री दोन ठळक हंगामांत न गळता वर्षभर थोडी थोडी गळत राहतात, आणि फेब्रुवारी-मार्च तसेच पावसाळ्यानंतर त्यात भर पडते. कोणतेही साधन गळती थांबवत नाही. ते केवळ केस सोफ्यावर पडण्याऐवजी ब्रशमध्ये आणते. आठवड्यातून दोन-तीनदा पंधरा मिनिटे, गळतीच्या दिवसांत रोज दहा मिनिटे, एवढे गोल्डनला पुरेसे असते. अर्धा तास एकसलग काम कुत्र्यालाही नको असते आणि आपला हातही शेवटी जड होतो.

साधनांची निगा हा सुरक्षिततेचाच भाग आहे. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत साध्या लोखंडी तारा एका पावसाळ्यात गंजतात आणि गंजलेली तार त्वचेवर खरवडते, म्हणून स्टेनलेस स्टीलचाच आग्रह धरावा आणि धुतल्यावर पुसून, हवेशीर जागी ठेवावे. एका कुत्र्याचा ब्रश दुसऱ्याला लावू नये. गजकर्णासारखा बुरशीचा संसर्ग केसांतून पसरतो आणि तो घरातल्या मुलांनाही होतो. असे निदान झालेल्या कुत्र्याचा गादीचा ब्रश धुऊन वाचवण्याचा प्रयत्न न करता सरळ टाकून द्यावा. ग्रूमिंग सलूनमध्ये नेत असाल तर कुत्रे सोडून जाण्याआधी कोणते साधन वापरणार, ड्रायर गरम आहे की नुसता वाऱ्याचा, आणि विचारल्याशिवाय मशीन लावणार नाही ना, एवढे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर देताना चिडणाऱ्या ठिकाणी कुत्रे ठेवू नये.

काही वेळा दोष साधनाचा नसतोच. दोन्ही बाजूंना सारख्याच जागी केस विरळ होणे, शेपटी उघडी पडणे, त्वचा काळवंडणे, वजन वाढून सुस्ती येणे, किंवा तहान आणि लघवी वाढणे अशी चिन्हे केसांच्या तक्रारीबरोबर दिसली तर थायरॉइड किंवा अन्य संप्रेरकांची तपासणी करावी लागते. सतत खाज असेल तर पिसवा, खरूज किंवा अॅलर्जी यांचा शोध आधी घ्यावा. पिल्ले झाल्यानंतर काही आठवड्यांनी येणारी जोरदार गळती मात्र स्वाभाविक असते. नसबंदीनंतर काही गोल्डनचे केस लोकरीसारखे मऊ होतात. तुमच्या कुत्रीची शस्त्रक्रिया झाली असेल तर ही शक्यताही डॉक्टरांशी बोलून घ्यावी, कारण अशा केसांचा पोत पात्याने आणखी बिघडतो.

तुमच्या कुत्रीसाठी आता पुढे असे करावे. लाली पूर्ण जाईपर्यंत कमरेवर कोणतेही साधन लावू नये, आणि माणसांसाठीचे मलम किंवा हळद-तेल असे काही त्या जागी चोळू नये, कारण ती चाटणारच. बाकी अंगावर पहिला आठवडा केवळ कंगवा आणि हात वापरावा. त्यानंतर रेक, तोही पाठ सोडून मांड्या, छाती आणि मानेवर, जिथे लव खरोखर दाटलेली असते. पाठीवरच्या तुटलेल्या केसांना कोणतेही तेल किंवा गोळी पुन्हा जोडू शकत नाही. ते केस आपल्या क्रमाने गळतील आणि नवे येतील. आखूड केसांच्या कुत्र्यात असे आवरण साधारण ३ ते ४ महिन्यांत भरून येते, लांब केसांच्या कुत्र्यात दीड वर्षापर्यंतही लागू शकते, आणि गोल्डन यांच्या मधोमध येते. दर महिन्याला त्याच उजेडात पाठीचे छायाचित्र काढून ठेवावे. तीन महिन्यांनंतरही नवे जाड केस दिसू लागले नाहीत, तर ती छायाचित्रे घेऊन त्वचाविकारांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडे जावे.